कोणाची वाट बघताय?

आधी हिशोब सांगते. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा एक रोल मला ८५० रुपयांना पडतो. तो मुंबईला कुरिअर करून धुवून आणि स्कॅन करून घ्यायचे ४५०. एकूण १३००. रोलमध्ये फोटो ३६. म्हणजे एका फोटोला ३६ रुपये. आमच्या सोसायटीतल्या मांजराचे मी फोनवर एका मिनिटात चाळीस फोटो काढते. त्याच मांजरावर फिल्मचे १४४० रुपये गेले असते, आणि मांजर इतकं काही देखणं नाही.

हा हिशोब ऐकून ऑफिसमधले लोक दोन प्रकारे वागतात. काही म्हणतात, "वेडी आहेस." काही म्हणतात, "वा, फिल्मचा फील वेगळाच असतो." मला या दुसऱ्या लोकांची जास्त भीती वाटते. फिल्म खरी आणि फोन खोटा असं मला अजिबात वाटत नाही. फिल्मवर दिसणारे ते दाणेदार ठिपके फोनच्या ॲपमध्येही मिळतात, आणि चांगले मिळतात. मी फिल्मवर टिकून आहे त्याचं कारण वरच्या हिशोबातच आहे. ३६ रुपये फार नाहीत, पण दर वेळी बटण दाबण्याआधी आठवावेत एवढे नक्की आहेत. त्यामुळे होतं काय, की मी फोटो काढतच नाही. रविवारी सकाळी तास-दीड तास मंडईबाहेर असते आणि त्यात पाच-सहा वेळा शटर दाबते. उरलेला वेळ नुसती उभी असते.

आणि नुसतं उभं राहणं मला येत नव्हतं.

कॅमेरा पेंटॅक्स के १०००. हे मॉडेल १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत होतं आणि तेवढ्या काळात त्यात फारसं काही बदललं नाही. सॉफ्टवेअरमध्ये असल्या गोष्टीला आम्ही 'लेगसी' म्हणतो आणि नाक मुरडतो. बुधवार पेठेत एक काका जुने कॅमेरे दुरुस्त करतात, त्यांच्याकडून ५० मिलिमीटरच्या लेन्ससकट नऊ हजारांना घेतला. सगळं यंत्र मेकॅनिकल आहे. सेल लागतो तो फक्त लाइट मीटरला, व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या बाजूला एक सुई वरखाली होते तेवढ्यापुरता. मीटर बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर झाकण लावायचं, आत अंधार होतो आणि मीटर झोपतं. हे समजावून सांगून झाल्यावर काका म्हणाले, "सेल संपला तर घाबरू नका ताई. सुई बंद पडली तरी कॅमेरा चालतो. तुमचा अंदाज तेवढा चालू ठेवा."

अंदाज शिकायला 'सनी सिक्स्टीन' नावाचा जुना नियम आहे. लख्ख उन्हात ॲपर्चर एफ/१६ ठेवायचं आणि शटर स्पीड फिल्मच्या आयएसओइतका. फिल्म ४०० ची असेल तर १/४०० सेकंद. तो आकडा कॅमेऱ्यावर नसतो, म्हणून जवळचा १/५००. मोकळ्या सावलीत आलात की साधारण चार स्टॉप खाली, म्हणजे एफ/८ आणि १/१२५. आता स्टॉप म्हणजे काय, तर उजेड दुप्पट किंवा निम्मा. शटर १/५०० वरून १/२५० वर आणलं की उजेड दुप्पट. ॲपर्चर १६ वरून ११, ११ वरून ८, ८ वरून ५.६, दर घराला दुप्पट. कारण हे आकडे दोनच्या वर्गमुळाच्या पटीत बदलतात आणि भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. ज्या दिवशी हे डोक्यात शिरलं त्या दिवशी मी कॅमेऱ्याच्या प्रेमात पडले. अख्खं यंत्र दोनच्या घातांवर चाललंय! बायनरी संख्येत एक बिट डावीकडे सरकवला की संख्या दुप्पट होते, तशी लेन्सची रिंग एक घर फिरवली की उजेड दुप्पट होतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आमच्याकडून असं एक तरी प्रॅक्टिकल करून घेतलं असतं तर मी लेक्चरला जागी राहिले असते.

रस्त्यावर फोकस करत बसायला वेळ नसतो. म्हणून लेन्सवर अंतर आधीच लावून ठेवतात. याला झोन फोकसिंग म्हणतात. ५० ची लेन्स एफ/८ वर तीन मीटरला लावली, तर साधारण सव्वादोन मीटरपासून सव्वाचार मीटरपर्यंतचं सगळं चालेल इतपत स्पष्ट येतं. त्या पट्ट्यात माणूस आला की बटण दाबायचं, बस. मी घरी टेप लावून मोजलं. आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाच्या ओट्यापासून हॉलच्या दारापर्यंत बरोबर तीन मीटर आहेत. आठवडाभर रूममेट ओट्याशी चहा करायची आणि मी दारात उभी राहून तिच्याकडे टक लावून बघायचे, अंतर नजरेत बसावं म्हणून. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "चहा हवा असेल तर तोंडाने माग ना."

कागदावर तीन मीटर हा तांत्रिक आकडा आहे. रस्त्यावर तो तसा राहत नाही. तीन मीटरवरून तुम्ही समोरच्याला दिसता, तुम्ही कुठे बघताय हेही दिसतं, आणि आवाज न चढवता तो तुमच्याशी बोलू शकतो. लांबची लेन्स लावून पलीकडच्या फुटपाथवरून चेहरे टिपता येतात. माझ्याकडे ती लेन्स नाही, आणि आता असती तरी लावली नसती. तीन मीटरची सवय झाल्यापासून ते मला शेजाऱ्यांच्या भिंतीला कान लावल्यासारखं वाटतं.

मी मूळची बार्शीची. आमच्याकडे मुलींसाठी रस्त्याचा एकच नियम होता, सरळ जा आणि सरळ ये. मुलं पानपट्टीपाशी, चौकात, बंद दुकानाच्या पायरीवर तास तास काढायची. ती तिथे काय करतात असं कोणी विचारत नव्हतं. ती उभी आहेत, एवढं पुरे होतं. मुलगी उभी असेल तर ती कशाची तरी वाट बघत असणार, एसटीची, मैत्रिणीची, झेरॉक्सची. तसं नसेल तर मग संध्याकाळपर्यंत घरी कळायचं. पुढे कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलचं गेट साडेसातला बंद व्हायचं. मुलांच्या हॉस्टेललाही गेट होतं, पण ते बंद झालेलं पाहिल्याचं कोणाला आठवत नाही. मग हिंजवडीत नोकरी लागली, रात्री अकराला कॅबने घरी यायला लागले, घरभाडं स्वतः भरायला लागले, पण पायांची सवय तीच राहिली. रस्त्यावर मी कायम कुठेतरी निघालेली असते. थांबावंच लागलं तर फोन काढते. फोनकडे बघणारी मुलगी म्हणजे कामात असलेली मुलगी.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे मुंबईतल्या बायकांबद्दलचं पुस्तक २०११ साली आलं. बाईला रस्त्यावर असण्यासाठी सतत काहीतरी काम दाखवावं लागतं, आणि मागायचाच तर हक्क काम नसताना तिथे असण्याचा मागावा, असं त्यांचं साधारण म्हणणं. मी ते हॉस्टेलमध्ये असताना वाचलं. फार पटलं. लायब्ररीत परत केलं आणि सातच्या आत झपाझप चालत गेटवर पोचले.

पहिल्यांदा मंडईत गेले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. महात्मा फुले मंडईची ती अष्टकोनी इमारत १८८६ सालची, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता, आणि आज तिला नाव त्यांचंच आहे. पुण्यात असं चालतं. आत गाळेवाले असतात. ज्यांना गाळा नाही अशा बायका बाहेरच्या बाजूला पोतं अंथरून बसतात. मी तिथे एका विजेच्या खांबाशी उभी राहिले. एफ/८, १/१२५, तीन मीटर.

अर्ध्या तासात चार जणांनी विचारलं, "कोणाची वाट बघताय?" एक हमाल, एक रिक्षावाले, देवाचे हार घेऊन निघालेल्या एक आजी, आणि एक गृहस्थ, जे मला हरवलेली समजून न विचारता स्वारगेटचा रस्ता सांगून गेले. कोणी वाकडं बोललं नाही. आजींच्या आवाजात तर काळजीच होती. पण चारी वेळा माझ्या तोंडून आपोआप एकच वाक्य आलं, "नाही, फोटो काढतेय." आणि हाताने कॅमेरा जरासा वर उचलला गेला, टीसीला पास दाखवावा तसा.

पुढच्या रविवारी टीममधला एक मित्र त्याचा डिजिटल कॅमेरा घेऊन आला. तो दीड तास होता. रस्त्याच्या मधोमध उकिडवा बसला, टेम्पोच्या खाली वाकून काहीतरी काढलं, एका दुकानाच्या फळीवर चढला. त्याला एकच प्रश्न आला, "साहेब, पेपरात येणार का?" मी त्याला हा फरक सांगितला. तो म्हणाला, "तुझ्याकडे लोक आपणहून येऊन बोलतात, बरंच आहे की." मला आधी राग आला. पण त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही.

होमाई व्यारावाला यांच्याबद्दल वाचताना मला हे पुन्हा आठवलं. त्यांचा जन्म १९१३ चा, नवसारीचा. मुंबईत जे.जे.मध्ये शिकल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून आले. पुढे दिल्लीत साडी नेसून, कॅमेऱ्याचं ओझं घेऊन सायकलवर हिंडायच्या. बाई हौसेने कॅमेरा मिरवतेय असं समजून सुरुवातीला लोकांनी त्यांना गंभीरपणे घेतलंच नाही, आणि त्यामुळे जिथे एरवी अडवलं असतं अशा ठिकाणीही त्यांना कोणी अडवलं नाही. हे त्यांनीच सांगून ठेवलंय. कमी लेखलं जाण्याचाही असा उपयोग होतो. अर्थात तो करून घ्यावा लागणं हे काही फार आनंदाचं नाही.

दहा दिवसांनी पहिल्या रोलचे स्कॅन आले. ३६ फोटोंपैकी २२ पाठी. हमालांच्या पाठी, बायकांच्या पाठी, एका घोड्याचीसुद्धा. पाठीला विचारावं लागत नाही. मित्राने सगळे नीट बघितले आणि म्हणाला, "थीम चांगली आहे."

फोन प्रत्येक फोटोसोबत ॲपर्चर, शटर, तारीख सगळं आपोआप लिहून ठेवतो. फिल्म काहीच लिहीत नाही. म्हणून माझ्या खिशात एक छोटी वही असते. फ्रेम नंबर, एफ, शटर, अंतर, आणि पुढे चार शब्द. दुसऱ्या महिन्यापासून मी त्यात अजून एक रकाना वाढवला: 'कोवाब', म्हणजे 'कोणाची वाट बघताय' किती वेळा आलं. डेटा जमवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. पहिल्या रविवारी चार, मग पाच, तीन, तीन, पावसाच्या दिवशी एक. अकराव्या रविवारी शून्य. मंडई सुधारली नव्हती. मी 'ती फोटोवाली' झाले होते, एवढाच फरक.

ज्या खांबाशी मी उभी राहायचे त्याच्या शेजारी एक मावशी बसतात. लिंबं, कोथिंबीर, मिरच्या, आलं. तिसऱ्या रविवारी त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या.

"घ्यायचंय काय?"

"नाही मावशी."

"मग सरक की जरा तिकडं. गिऱ्हाईक अडतंय."

मी सरकले. त्या दिवशी घरी येताना मी बसमध्ये एकटीच हसत होते. मी तिथे का उभी आहे, कोणाची कोण आहे, याच्याशी मावशींना काही देणंघेणं नव्हतं. मी त्यांच्या गिऱ्हाइकाच्या आड येत होते, एवढाच त्यांचा माझ्याशी संबंध. इतकं साधं वागणं मला रस्त्यावर फार कमी वेळा मिळालंय.

मग हळूहळू बोलणं वाढलं.

"एवढं काय काढतीस गं? हालत तर न्हाईस. बगळ्यावानी हुबी."

"पैसे लागतात ना मावशी. एक फोटो छत्तीस रुपयांना पडतो."

"छत्तीस? आन् दिवसाला किती काढतीस?"

"पाच-सहा."

त्यांनी माझ्यापेक्षा लवकर गुणाकार केला. "म्हंजी दोनशे गेलं. आन् इकतीस कितीला?"

"विकत नाही."

यावर त्या काही बोलल्या नाहीत. कोथिंबिरीवर पाणी मारलं.

'विकतेस कितीला' याचं मला सुचलेलं उत्तर दुसऱ्या एका बाईचं आहे. व्हिवियन मायर ही शिकागोमध्ये लोकांची मुलं सांभाळायचं काम करायची आणि फावल्या वेळात रस्त्यावर फोटो काढायची. २००७ साली तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा त्यातून तिची निगेटिव्ह बाहेर आली. पुढे सगळी मिळून लाखाच्या वर भरली. कित्येक रोल तर तिने धुतलेच नव्हते. २००९ मध्ये ती गेली, आणि जगाला तिचं नाव कळलं ते त्यानंतर. मावशींना हे सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा कोथिंबिरीवर पाणी मारलं असतं.

रस्त्यावरच्या फोटोग्राफीबद्दल काहीही वाचायला घ्या, 'डिसायसिव्ह मोमेंट' हे शब्द येतातच. निर्णायक क्षण. आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२ च्या पुस्तकाचं हे इंग्रजी नाव. मूळ फ्रेंच नाव निराळंच आहे, 'इमाज आ ला सोव्हेत'. 'आ ला सोव्हेत' म्हणजे घाईघाईत, चोरून, कोणी यायच्या आत. फ्रेंचमध्ये परवाना नसलेले, पोलीस दिसताच गाशा गुंडाळून पळणारे जे फेरीवाले असतात, त्यांच्या विक्रीलाही हेच म्हणतात. पुस्तक इंग्रजीत गेलं तेव्हा फेरीवाला वाटेत गळाला आणि नुसता क्षण राहिला.

हे मी वाचलं तेव्हा गंमत वाटली होती. मग एका शनिवारी पलीकडच्या कोपऱ्यावरून कोणीतरी ओरडलं, "गाडी! गाडी!"

मी याबद्दल ऐकून होते, डोळ्यांनी बघितलं नव्हतं. त्या पट्ट्यात तीस-चाळीस बायका असतील. सगळ्या एकदम उठल्या. या बायका टोपली सोडून पोत्यावर का मांडतात, याचा मी कधी विचार केला नव्हता. पोत्याची चार टोकं उचलली की भाजीसकट गाठोडं होतं. मावशींनी मिरच्या-कोथिंबिरीचं एक गाठोडं डोक्यावर घेतलं, काटा आणि आलं काखेत मारलं, आणि लिंबांचं गाठोडं माझ्या छातीवर आदळलं. "धर गं." आणि समोरच्या बोळात गायब.

कॅमेरा गळ्यात होता. एफ/८ वर, तीन मीटरवर लावलेला, रोलमध्ये अकरा फ्रेम शिल्लक. पुस्तकांत ज्याचं वर्णन असतं ते सगळं समोर चाललं होतं, ऊन, धावपळ, हवेत उडालेला पालेभाजीचा पाला, मागे सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी इमारत. माझे दोन्ही हात लिंबांनी भरलेले.

गाडी आली. दोन-तीन माणसं उतरली. मागे राहिलेलं एक क्रेट आणि कोणाचा तरी वजनकाटा त्यांनी उचलून मागे टाकला. मग त्यांतल्या एकाने माझ्याकडे बघितलं. जीन्स, कुर्ता, गळ्यात कॅमेरा, हातात पाचेक किलो लिंबांचं गाठोडं. तो म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला घ्या, गाडी मागे घेतोय." बाकी काही नाही. लिंबं कोणाची, हेही नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी मावशी आल्या. गाठोडं घेतलं, सोडलं, लिंबांचा ढीग पुन्हा लावला. मोजली नाहीत. "काढलास का फोटू?" त्यांनी विचारलं.

"हात कुठे मोकळे होते?"

त्या हसल्या. हसताना तोंडावर पदर धरतात, हे मला तेव्हा कळलं.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ पासून केंद्राचा कायदा आहे. नोंदणी, प्रमाणपत्रं, समित्या, सगळं त्यात आहे. तरी 'गाडी' हा एक शब्द चाळीस बायकांना उठवायला पुरतो. त्या रात्री मी वहीत फ्रेम नंबर न टाकता अर्धं पान लिहिलं. त्या फुटपाथवर असण्याचं कारण आम्हा दोघींनाही द्यावं लागतं. माझं पटलं नाही तर लोक मला स्वारगेटचा रस्ता सांगतात. त्यांचं कारण खरं असतं, सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी काटा गाडीत जातो. मी तिथे उभं राहायला शिकतेय याचा मला अभिमान वाटायला लागला होता. तो गेला असं नाही. पण माझं उभं राहणं ही रविवारची गोष्ट आहे, हे त्या लिंबांच्या वजनासकट लक्षात राहिलं.

मावशींचा फोटो पुढे दोन आठवड्यांनी काढला. विचारून काढला. या कलेतले कडक लोक म्हणतात की विचारलं की ती स्ट्रीट फोटोग्राफी उरत नाही. न उरू दे. मला आता कोणाची झोप, कोणाचं भीक मागणं, कोणाचं गाठोडं घेऊन पळणं न विचारता घ्यावंसं वाटत नाही. त्यात काही थोर फोटो हुकत असतील तर हुकोत. मावशी ताठ बसल्या, पदर डोक्यावर घेतला, लिंबांच्या ढिगावर हात ठेवला. फोटो छान आला. मी त्याची मोठी प्रिंट करून नेली.

त्यांनी ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. मग शेजारच्या बाईंना दाखवली. दोघींचा चेहरा पडला.

"असला कशाला काढलास? हे मेल्यावर भिताडाला लावत्यात."

शेजारच्या बाई म्हणाल्या, "हार तेवढा ऱ्हायलाय."

"आन् लिंबं बघ. काळीशार. कोन घेईल?"

ब्लॅक अँड व्हाइटच्या बाजूने जगभरात बरंच लिहिलं गेलंय. या दोघींसमोर त्यातलं काहीही टिकलं नसतं. मी कोडॅकचा २०० चा रंगीत रोल मागवला. मावशींची अट एकच होती, लिंबं पिवळी आली पाहिजेत.

तो रोल कॅमेऱ्यात असतानाच, दिवाळीनंतर, आई पुण्याला आली.

आमच्या घरी जे अल्बम आहेत त्यातले जुने फोटो मामाच्या रोलच्या कॅमेऱ्याचे. समारंभ झाला तरी दोन-चार फोटो उरायचे, आणि रोल धुवायला टाकायचा तर संपवायला हवा, म्हणून मग मामा कुत्र्याचा, लूनाचा, टाकीवरच्या कावळ्याचा फोटो काढायचा. या दिवाळीत मी ते अल्बम पुन्हा बघितले. आई लग्नात आहे, बारशात आहे, तुळजापूरला देवळासमोर आहे, माझ्या बक्षीस समारंभात आहे. ती रस्त्यावर एकाही फोटोत नाही. आमच्या लूनाला रस्त्यावरचे तीन फोटो आहेत.

"तुझी ती मंडई दाखव," आई म्हणाली. रविवारी सात वाजता दोघी खांबाशी. पाच मिनिटांत आईने पाव किलो गवार घेतली. अजून पाच मिनिटांनी अर्धा डझन केळी. मग कढीपत्ता.

"आई, विकत घ्यायलाच पाहिजे असं काही नाहीये."

"मग नुसतं काय उभं राहायचं? लोक काय म्हणतील?"

"कोणी काही म्हणत नाही."

"तुला नसतील म्हणत," ती म्हणाली आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मावशींनी आमच्याकडे बघितलं. शेजारचं एक रिकामं पोतं घडी करून स्वतःच्या बाजूला टाकलं. "बसा की वो ताई. ही हुभीच ऱ्हाती, हिचं काय खरं न्हाई." आईने एकदा माझ्याकडे, एकदा रस्त्याकडे बघितलं, साडी सावरली आणि बसली. पहिली काही मिनिटं ती पिशवी मांडीवर घट्ट धरून होती. मग गुडघ्यांचा विषय निघाला. मग बार्शीच्या ज्वारीचा. मग लेकी एवढ्या शिकून सुट्टीच्या दिवशी काय करतात याचा, त्यावर दोघींचं लगेच एकमत झालं. मी तीन मीटरवर होते, मला सगळं ऐकू येत होतं.

तेवढ्यात एक माणूस आला आणि आईसमोर वाकून म्हणाला, "लिंबं कशी दिली?"

मावशी सुटे पैसे शोधण्यात गुंतल्या होत्या. आई एक क्षणभर गप्प राहिली.

"दहाला चार," आई म्हणाली.

"पाच द्या."

"सकाळी सकाळी काय हो," आई म्हणाली, आणि ढिगातून चांगली चार निवडायला लागली. एफ/८, १/२५०. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

तो रोल अजून कॅमेऱ्यात आहे. काउंटर २३ वर. आई दर दोन दिवसांनी फोनवर विचारते, धुवायला टाकला का. नसेल संपत तर मांजराचे काढ, गाडीचे काढ, मामा संपवायचा तसा संपव म्हणते. मावशींनाही लिंबांचा रंग बघायचाय. मी दोघींना सांगितलंय, तेरा उरल्यात, अजून दोन-तीन रविवार लागतील.